आधी ओटा, मग अंगण

पुण्यातल्या आमच्या आधीच्या सोसायटीत घडलेली गोष्ट आहे. अम्मी आणि खाला संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसल्या होत्या. दोघींनी बुरखा घातलेला, हातात शेंगदाण्याची पुडी, गप्पा चाललेल्या. अर्ध्या तासात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा पाठमोरा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'बाहेरच्या बायका बागेत कशा आल्या? वॉचमन काय करतोय?' चार वर्षं मी तिथे मेंटेनन्स भरत होतो. 'ती माझी आई आणि मावशी आहे', एवढंच मी ग्रुपवर लिहिलं. दोघातिघांनी सॉरी म्हटलं, फोटो काढून टाकला, प्रकरण मिटलं. अम्मी मात्र त्या बाकावर पुन्हा कधी बसली नाही.

ही गोष्ट आज आठवायचं कारण असं की आम्ही चौदा कुटुंबं मिळून पुण्याबाहेर साधारण एक एकर एनए जमिनीवर एकत्र घरं बांधायच्या तयारीत आहोत. मध्ये बिल्डर नाही. जमीन सगळ्यांची मिळून, नकाशा सगळ्यांनी बसून ठरवायचा, प्रत्येकाचं घर आणि स्वयंपाकघर स्वतंत्र, पण अंगण, विहीर, वाचनाची खोली आणि अधूनमधून एकत्र जेवायला एक मोठं स्वयंपाकघर सामायिक. याला को-हाउसिंग म्हणतात. आमच्यात तीन कुटुंबं मुसलमान आहेत, एक ख्रिस्ती, बाकीची हिंदू आणि बौद्ध. लोकांना वाटतं आमचं पहिलं भांडण पैशावरून किंवा धर्मावरून झालं असेल. ते झालं कंपाउंडवरून. प्रत्येक घराभोवती भिंत असावी की नसावी, आणि असली तर किती उंच?

सहा फुटी भिंतीचा आग्रह धरणारा मीच होतो.

समोरची बाजू म्हणत होती, एकत्र राहायचं म्हणून इथे आलो आणि पहिली भिंत बांधायची? सगळी जमीन मोकळी ठेवा, कुंपण नकोच, मुलं कुठूनही कुठेही धावू देत. ऐकायला हे फार छान वाटतं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तो फोटो होता. जी जागा 'सगळ्यांची' म्हणतात तिथे माझ्या आईला कोणीतरी ओळखपत्र विचारणार असेल, तर मला भिंतीआडची स्वतःची जागा हवी होती. दोन बैठका यातच गेल्या. घरी येऊन मी अम्मीला नकाशा दाखवला आणि म्हटलं, बघ, तुझ्यासाठी भिंत मागतोय. ती म्हणाली, "दीवार नक्को रे. दीवार के अंदर तो यहाँ भी बैठीच हूँ. ओटा बांध."

हे मला समजायला थोडा वेळ लागला. नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की या प्रश्नावर पन्नासेक वर्षं विचार आणि प्रयोग झालेले आहेत आणि अम्मी अगदी नेमकं बोलली होती.

को-हाउसिंगची आजची पद्धत डेन्मार्कमधून आली. यान गुडमन-हॉयर या आर्किटेक्टने १९६४ मध्ये कोपनहेगनमध्ये काही मित्रांना जमवलं आणि शहराजवळ हारेस्कोव येथे जमीन घेऊन एकत्र घरं बांधायचं ठरवलं. आसपासच्या रहिवाशांनी विरोध केला आणि ती योजना सोडून द्यावी लागली. शेजाऱ्यांना नको असणं ही फक्त आपल्याच वाट्याला आलेली गोष्ट नाही, एवढी नोंद करून पुढे जातो. १९६७ मध्ये बोडिल ग्रे या लेखिकेने मुलांना शंभर आईबाप असायला हवेत अशा आशयाचा लेख लिहिला, त्यातून आणखी लोक जोडले गेले, आणि १९७२ मध्ये हिलरोड गावाजवळ सेटेडामेन ही सत्तावीस घरांची पहिली वस्ती उभी राहिली. पुढे कॅथरिन मॅकॅमंट आणि चार्ल्स ड्युरेट या अमेरिकन आर्किटेक्ट जोडप्याने डेन्मार्कमध्ये फिरून या वस्त्यांवर १९८८ मध्ये पुस्तक लिहिलं. 'को-हाउसिंग' हा शब्द त्यांचा. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावी म्यूर कॉमन्स ही सव्वीस घरांची वस्ती झाली. अमेरिकेत नव्याने बांधलेली ती पहिली.

या वस्त्यांचे नकाशे पाहिले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सगळं मोकळं कुठेच नाही. १९८१ च्या ट्रुडेस्लुंड वस्तीत तेहतीस घरं आहेत. गाड्या वस्तीच्या कडेला थांबतात, आत फक्त पायी चालायच्या दोन गल्ल्या, आणि त्या जिथे मिळतात तिथे सामायिक घर. या धर्तीच्या वस्त्यांत घराच्या मागच्या बाजूला लहानशी खासगी बाग असते. पुढच्या बाजूला, दार आणि गल्ली यांच्या मध्ये, बसायची छोटी जागा असते, तिथे कमरेएवढं झुडूप किंवा नुसती फुलझाडांची पट्टी. स्वयंपाकघराची खिडकी गल्लीकडे काढतात, म्हणजे भाजी चिरताना बाहेर खेळणारं मूल दिसतं. तिथे बसलेला माणूस स्वतःच्या घरीच असतो. बोलावंसं वाटलं तर बोलतो, नाही वाटलं तर पुस्तक वाचतो. उठून आत गेला तरी कोणाला वाईट वाटत नाही.

याच काळात यान गेल या डॅनिश आर्किटेक्टने इमारतींच्या मधल्या जागेत माणसं नेमकं काय करतात, हे तासन्‌तास उभं राहून मोजलं. त्यावरचं त्याचं पुस्तक १९७१ चं. पुढे त्याने मेलबर्नच्या जुन्या वस्त्यांमध्ये घरापुढच्या छोट्या आवारांचाही अभ्यास केला. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा, की रस्त्यावरचं शेजारपण रस्त्याच्या मध्यावर घडत नाही, ते कडेला घडतं. जिथे घर आणि रस्ता यांच्या मध्ये बसण्याजोगी मऊ कड आहे, तिथे माणसं जास्त वेळ बाहेर राहतात. जिथे दार उघडलं की थेट रस्ता, किंवा दार उघडलं की समोर उंच भिंत, तिथे माणसं घरातच राहतात.

आमच्या व्यवसायात हे रोजचं आहे. प्रोग्राम लिहिताना कोणता भाग खासगी, कोणता फक्त जवळच्या भागांना दिसेल आणि कोणता सगळ्यांना खुला, हे आधी ठरवावं लागतं. मधली पायरी गाळली तर दोनच गोष्टी होतात. सगळंच उघडं टाकलं की कोणीही काहीही बिघडवतं आणि सगळंच बंद केलं की एका भागाचा दुसऱ्याला उपयोग होत नाही. दिवसभर हे करणारा मी नकाशावर मात्र थेट भिंत काढत होतो.

आणि ही मधली पायरी काही परदेशातून आणायची गोष्ट नाही. अम्मी मिरजेत वाढली. तिथल्या मोहल्ल्यातल्या घराला पुढे ओटा होता, मागे परस होतं. परसात वाळवण, धुणं, वजूचं पाणी, डोक्यावरचा पदर बाजूला ठेवून केस वाळवणं. ओट्यावर भाजी निवडणं, येणाऱ्याजाणाऱ्याला 'किधर चाल्या' विचारणं. कोकणातल्या घरांत हेच काम पडवी करते, वाड्यात ओसरी करते, मुंबईच्या चाळीत गॅलरी करते. आपण फ्लॅटमध्ये आलो तेव्हा घर आत आलं आणि बाग खाली गेली, पण ओटा आणि परस दोन्ही नाहीसे झाले. लिफ्टचं दार उघडलं की माणूस एकदम सगळ्यांच्या मध्ये येतो. ज्याला तिथे आपलेपणाची खात्री आहे, त्याला याचं काही वाटत नाही. ज्याला नाही, तो लिफ्टमधून थेट गेटकडे जातो आणि थेट परत येतो.

आमच्या गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत. कुंपणच नको म्हणणाऱ्यांत त्या पुढे होत्या. एकदा मी त्यांना सहज विचारलं, बाई, तुमची तुळस कुठे? पापड कुठे वाळत घालणार? गाउनवर सकाळचा चहा कुठे पिणार? त्या हसल्या, मग गप्प झाल्या. पुढच्या बैठकीत त्यांनीच मागच्या परसाला भिंत मागितली. आडोसा ही मुसलमान बाईची मागणी आहे असा जो समज आमच्या बैठकीत न बोलता बसला होता, तो त्या दिवशी उठून गेला.

आडोशाबद्दल आपल्या परंपरेत जे आहे तेही एकदा नीट पाहायला हवं. जुन्या मुस्लिम शहरांच्या बांधकाम-नियमांचा बेसिम हकीम यांनी अभ्यास केला आहे. 'अरेबिक-इस्लामिक सिटीज' हे त्यांचं पुस्तक १९८६ मध्ये आलं. त्यातला मोठा आधार आहे इब्न अल-रामी. चौदाव्या शतकात ट्युनिसमध्ये हा गवंडी शेजाऱ्यांच्या बांधकामाच्या तंट्यांत काझीला सल्ला देत असे, आणि ते निवाडे त्याने लिहून ठेवले. या नियमांत घराच्या भिंतीलगतच्या पट्टीला 'फिना' असं नाव आहे. ती त्या घराने वापरावी, पण वाटसरूंना अडथळा होता कामा नये. म्हणजे आपला ओटाच. बंद गल्ली तिच्यात राहणाऱ्या सगळ्यांची सामायिक, आणि तिच्यात नवं दार काढायचं तर शेजाऱ्यांची संमती लागायची. या सगळ्याच्या मुळाशी एक साधी हदीस आहे: कोणाला इजा करू नये आणि इजेच्या बदल्यात इजा करू नये.

त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला नियम नजरेचा आहे. हजरत उमर यांच्या नावावर एक निवाडा सांगितला जातो. इजिप्तमध्ये एकाने माडी बांधली आणि तिच्या खिडकीतून शेजाऱ्याचं घर दिसू लागलं. निवाडा असा, की पलंगावर उभं राहून बाहेर पाहिल्यावर शेजाऱ्याचं घर दिसत असेल तर खिडकी बंद करा. बंधन खिडकीवाल्यावर आहे. शेजारच्या बाईने अंगणात येऊ नये, असा तो निवाडा नाही. त्या काळच्या शहरांत बायका मोकळेपणाने वावरत होत्या असा माझा दावा नाही. पण पडद्याचा सगळा भार बाईच्या अंगावर टाकणाऱ्यांनी हा निवाडा आठवावा. आणि बाकावर बसलेल्या बाईचा फोटो काढणाऱ्यांनीही.

इथे आपल्या घरातलंही बोलायला हवं. अम्मीचा प्रसंग मी एका मित्राला सांगितला तेव्हा तो म्हणाला, म्हणूनच आपली वेगळी सोसायटी पाहिजे. कायदा आडवा येत नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सदस्यत्व फक्त पारशांना देणारा उपविधी वैध ठरवला. पण कायद्यात बसतं म्हणून ते आपल्या हिताचं ठरत नाही. घर भाड्याने किंवा विकत घेताना मुसलमानांना येणाऱ्या अडचणी आणि त्यातून होणारं एकाच वस्तीत कोंडणं, याची नोंद सच्चर समितीने २००६ मध्येच केली आहे. दुसऱ्याने कोंडलं तर तक्रार करायची आणि आपणच कोंडून घेतलं तर त्याला सुरक्षितता म्हणायचं, हे मला पटत नाही. बाहेर घर नाकारलं म्हणून जो मोहल्ल्यात परत जातो त्याला मी दोष देत नाही. मी निवड असलेल्यांबद्दल बोलतोय, आणि माझ्या पगारामुळे मला ती आहे.

शिवाय आपल्याच मोहल्ल्यात मोकळी जागा कोणाची असते? माझी बायको हा प्रश्न विचारते आणि माझ्याकडे बरं उत्तर नसतं. चौक तरुण मुलांचा, हॉटेलपुढची बाकडी पुरुषांची, बहुतेक मशिदींचा सहन पुरुषांचा, उरलेली गल्ली दुचाक्यांची. ओटे रस्त्यावर इतके पुढे आलेत की रुग्णवाहिका आत येत नाही. फिना वापरा म्हटलं, वाटसरूचं काय हे आपण विसरलो. शेजारी आपलेच असले की जागा आपोआप सगळ्यांची होत नाही. सोसायटीच्या बागेत अम्मीला 'बाहेरची' ठरवलं गेलं. मोहल्ल्याच्या चौकात तिला कोणी बाहेरची म्हणणार नाही, पण तिथे ती बसणारही नाही.

सामायिक जागा खरोखर कोणाची, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. महाडचं चवदार तळं बोले ठरावानंतर नगरपालिकेने १९२४ मध्येच सर्वांना खुलं केलं होतं. कागदावर. प्रत्यक्षात दलितांना पाणी घ्यायला १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांच्या मागे चालत जावं लागलं आणि त्यासाठी मार खावा लागला. त्या लढ्याशी मी बागेतल्या बाकाची बरोबरी करत नाही. पण धडा तोच आहे: ठरावाने जागा खुली होते, वापराने ती आपली होते. आणि वापर सुरू होण्यासाठी कोणीतरी पहिलं पाऊल टाकावं लागतं. ओटा असेल तर ते पाऊल लहान होतं.

म्हणून आमच्या नकाशात आता तीन पट्ट्या आहेत. मागे दहा फुटांचं परस, त्याला सहा फुटी भिंत, तिथे कोणाच्याही वरच्या मजल्याची खिडकी उघडणार नाही. पुढे आठ फूट खोल ओटा, त्याला बसता येईल एवढा गुडघाभर उंचीचा कठडा, आणि कठड्यापुढे चार फूट झाडांची पट्टी. मग पायवाट आणि मधोमध सगळ्यांचं अंगण. स्वयंपाकघरं अंगणाकडे. गाड्या गेटजवळ. परसाची जागा प्रत्येकाने थोडी कमी करून घेतली म्हणून अंगण मोठं झालं. माझ्या मूळ आग्रहाप्रमाणे चौदा भिंती चारही बाजूंनी बांधल्या असत्या, तर मध्ये उरला असता फक्त एक रस्ता.

नकाशाइतकेच नियमही लागतात, आणि ते वापरणाऱ्यांनी करावे लागतात. सामायिक कुरणं, जंगलं, पाटाचं पाणी लोक कसं सांभाळतात यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर काम केलं, १९९० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी पाहिलेल्या टिकाऊ व्यवस्थांमध्ये काही गोष्टी समान होत्या. हद्द स्पष्ट होती. नियम करण्यात वापरणाऱ्यांचा सहभाग होता. चुकलेल्याला आधी सौम्य आणि मग कडक शिक्षा होती. तंटा सोडवायला जवळची, स्वस्त जागा होती. आमच्या बैठकीत म्हणून घरटी एक मत नाही, प्रत्येक प्रौढाला मत आहे. सासूचं वेगळं, सुनेचं वेगळं. मुलांनी त्यांची एक मागणी लेखी दिली आहे: चेंडू परसात गेला तर तो परत मिळाला पाहिजे. मंजूर झाली.

अवघड विषय आम्ही बांधकामाआधी काढले. कुर्बानीचा विषय मीच काढला, दुसऱ्या कोणी दबक्या आवाजात काढण्याआधी. ठरलं ते असं: आवारात प्राणी कापला जाणार नाही, आम्ही परवानगी असलेल्या जागी जाऊ. आणि त्याच ठरावात दुसरं वाक्य आहे: कोणाच्या स्वयंपाकघरात काय शिजतं, हा अंगणातल्या चर्चेचा विषय नाही. अंगण कोणत्याही कुटुंबाला सणासाठी किंवा लग्नासाठी मागता येईल, आठ दिवस आधी फळ्यावर लिहून. गणपती असो, ईद असो, नाताळ असो किंवा १४ एप्रिल, आवाजाची वेळ सगळ्यांना एकच. आणि अंगणात बसलेल्या माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढायचा नाही. हा नियम कोणी सुचवला, ते सांगायला नको.

प्रत्येकाला जमीन घेऊन घर बांधता येणार नाही, हे मला माहीत आहे. पण साध्या सोसायटीतही बरंच करता येतं. बाग, खेळाची जागा, मोकळं पार्किंग या सगळ्यांच्या जागा आहेत असं रेरा कायदा सांगतो. स्टिल्टमधलं पार्किंग बिल्डरला गॅरेज म्हणून विकता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईच्या प्रकरणात दिला आहे. म्हणजे ती जागा आपली आहे, आणि तिचं काय करायचं हे सर्वसाधारण सभेत ठरतं. त्या सभेला आपण जातो का? मी चार वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. त्या ग्रुपवरच्या माणसाने माझ्या आईला ओळखलं नाही, ही त्याची चूक होतीच. पण त्याचं नाव मलाही माहीत नव्हतं. जिन्याजवळ दोन बाकं, तळमजल्याच्या दारांपुढे कुंड्यांची एक ओळ, मुलं दिसतील अशी वडीलधाऱ्यांची बसायची जागा, एवढा ठराव मांडायलाही मी उठलो नव्हतो.

परवा आर्किटेक्टने जमिनीवर फक्कीने रेषा मारून दिल्या. अम्मी आमच्या ओट्याच्या चौकोनात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसली. शेजारच्या चौकोनातून बाईंनी विचारलं, चहा घेणार का? थर्मास त्यांच्याकडे होता. अम्मी म्हणाली, इथेच द्या. कप संपेपर्यंत ती तिथेच बसली, फक्कीच्या रेषेच्या आत. मग खुर्ची उचलून अंगणात गेली.